रणगाड्यांची मुसंडी अडते कुठे?

१ ऑक्टोबर २०२१ रोजी ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडीत निघाले आणि त्याच्या जागी सात सरकारी कंपन्या आल्या. त्या वाटणीत अंबरनाथचे दोन कारखाने दोन घरांत गेले. धातुकामाची ऑर्डनन्स फॅक्टरी नागपूरच्या यंत्र इंडिया लिमिटेडकडे गेली, तर मशिन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आर्मर्ड व्हेइकल्स निगम लिमिटेडकडे. ही निगम चेन्नईजवळ आवडीला टी-९० रणगाडे बनवते आणि तेलंगणात मेदकला बीएमपी-२ ही पायदळाची चिलखती गाडी. त्यामुळे रणगाड्याला पुढे भवितव्य आहे की नाही, हा प्रश्न कल्याणपासून बदलापूरपर्यंतच्या पट्ट्यात कट्ट्यावरच्या गप्पांपुरता राहत नाही. तो इथल्या घरांच्या पगाराशी बांधलेला आहे.

उल्हासनगर तर वसलेच लष्करी छावणीत. दुसऱ्या महायुद्धात ये-जा करणाऱ्या पलटणींसाठी कल्याण मिलिटरी ट्रान्झिट कॅम्प उभारला गेला. फाळणीनंतर त्याच बराकींत सुमारे १ लाख सिंधी निर्वासित आले आणि ऑगस्ट १९४९मध्ये त्या वस्तीचे शहर झाले. कॅम्प १ ते कॅम्प ५ हे पत्ते अजून तेच आहेत. आज कॅम्प २मधला दुकानदार गिऱ्हाईक नसताना फोनवर युक्रेनमधला जळता रणगाडा पाहतो आणि सगळ्या जगासारखाच निष्कर्ष काढतो: चाळीस हजार रुपयांच्या ड्रोनने कोट्यवधींचा रणगाडा संपवला, म्हणजे रणगाड्याचे दिवस भरले. दृश्य खरे आहे, पण निष्कर्ष घाईचा आहे. एक रणगाडा जळणे आणि एक अख्खी चढाई अडणे या दोन वेगळ्या घटना आहेत. पहिली प्रत्येक युद्धात घडते. दुसरी का घडते, ते समजून घ्यायला हवे.

यांत्रिक चढाई म्हणजे नुसते रणगाडे नव्हेत. रणगाड्यांच्या मागे चिलखती गाड्यांतले पायदळ, त्यांच्यामागे स्वतः धावणाऱ्या तोफा, सुरुंग काढणारे आणि पूल टाकणारे सॅपर्स, विमानविरोधी तोफा, डिझेलचे टँकर, दारूगोळ्याचे ट्रक आणि बिघडलेली गाडी ओढून नेणारी रिकव्हरी वाहने असा सगळा लवाजमा असतो. शत्रूची फळी शंभर किलोमीटर लांब असेल, तर तिच्या एका अरुंद जागी आपले बळ गुपचूप एकवटायचे, तिथे भगदाड पाडायचे आणि शत्रू सावरण्याआधी आत खोल घुसून त्याची रसद तोडायची, ही चढाईची मूळ कल्पना. गुपित, वेग आणि पाठोपाठ येणारी रसद, यांतले एक जरी गेले तरी चढाई डळमळते. ड्रोनने तिन्हींवर एकदम हात घातला आहे.

पण चढाया ड्रोनच्या आधीही अडत होत्या. त्या कशा अडत आणि कशा सुटत, हे जवळून पाहिलेला एक मराठी माणूस होता: अलिबागला जन्मलेले अरुणकुमार श्रीधर वैद्य, पुढे १९८३ ते १९८६ या काळातले लष्करप्रमुख. वैद्य यांना महावीरचक्र दोनदा मिळाले, एकदा शत्रूची रणगाड्यांची चढाई अडवताना आणि एकदा स्वतः चढाई करताना. या विषयाचा आढावा घ्यायला याहून चांगली वाट शोधून सापडणार नाही.

सप्टेंबर १९६५. पाकिस्तानची १ आर्मर्ड डिव्हिजन अमेरिकी पॅटन रणगाडे घेऊन खेमकरणमार्गे पंजाबात उतरली होती. पॅटन त्या काळचा अव्वल रणगाडा. समोर भारताची ४ माउंटन डिव्हिजन होती आणि तिच्या मदतीला एक स्वतंत्र आर्मर्ड ब्रिगेड. त्या ब्रिगेडमधल्या डेक्कन हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे कमांडिंग ऑफिसर होते लेफ्टनंट कर्नल वैद्य. त्यांच्याकडे दुसऱ्या महायुद्धातले जुने शर्मन होते. असल उत्तर गावाभोवती भारतीय फौजेने घोड्याच्या नालेसारखी फळी धरली, रणगाडे उभ्या उसात लपवले आणि कालवे फोडून शेतांत पाणी सोडले. पॅटन त्या नालेच्या पोटात आले, चिखलात रुतले आणि उसातून जवळून झालेल्या माऱ्यात एकामागून एक बाद झाले. ४ ग्रेनेडिअर्सच्या अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या रिकॉइललेस तोफेने रणगाडे फोडताना प्राण दिला आणि ते परमवीरचक्राचे मानकरी ठरले. भारतीय नोंदीनुसार पाकिस्तानचे ९७ रणगाडे तिथे नष्ट झाले किंवा हाती लागले. पॅटनच्या चिलखतात खोट नव्हती. त्याला समोरचे दिसत नव्हते, बाजूला वळता येत नव्हते आणि मागे फिरायला वाट नव्हती.

सहा वर्षांनी राजस्थानात हेच पुन्हा घडले, फक्त चिखलाच्या जागी वाळू होती. ४ डिसेंबर १९७१च्या रात्री पाकिस्तानचा रणगाड्यांचा ताफा लोंगेवालाच्या ठाण्यावर चालून आला. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्याकडे २३ पंजाबची एक कंपनी होती. ठाण्यासमोर काटेरी तारांचे कुंपण होते. ते पाहून पुढे सुरुंग पेरलेले असणार, या समजुतीने चढाई थबकली. सुरुंग नव्हतेच, पण रात्रीचे मोलाचे तास गेले. उजाडताच जैसलमेरहून हंटर विमाने आली. उघड्या वाळवंटात लपायला झुडूप नाही, रणगाड्यांच्या साखळ्यांच्या खुणा वरून स्पष्ट दिसत होत्या आणि ताफ्याला हवाई संरक्षण नव्हते. दुपारपर्यंत वाळवंटात धुराचे खांब उभे राहिले. आजच्या ड्रोनयुद्धाची बाराखडी इथे जवळपास पूर्ण दिसते: अडथळ्याने थांबवायचे, वरून बघायचे, थांबलेल्याला मारायचे. फरक इतकाच की १९७१मध्ये वरून बघणारे डोळे मूठभर होते आणि रात्री ते मिटत असत.

त्याच महिन्यात शकरगढच्या भागात वैद्य चढाई करणाऱ्या बाजूला होते. आता ते ब्रिगेडिअर होते, १६ इंडिपेंडंट आर्मर्ड ब्रिगेडचे प्रमुख, आणि त्यांना बसंतर नदीपलीकडे जायचे होते. वाटेत पाकिस्तानी सुरुंगांचे खोल पट्टे. १५ डिसेंबरच्या रात्री पायदळाने नदीपलीकडे पाय रोवले आणि सॅपर्स सुरुंगांतून रणगाड्यांसाठी वाट काढू लागले. काम पुरे होण्याआधीच पलीकडून पाकिस्तानी रणगाड्यांचा प्रतिहल्ला येत असल्याची खबर आली. लेफ्टनंट कर्नल हणुतसिंग यांच्या पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटने वाट पूर्ण साफ होण्याची वाट पाहिली नाही. रणगाडे अर्धवट साफ केलेल्या पट्ट्यातून अंधारातच पार झाले. दुसऱ्या दिवशीच्या लढाईत पुण्यात जन्मलेले २१ वर्षांचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल धारातीर्थी पडले, पण पाकिस्तानचा प्रतिहल्ला मोडला. ती जोखीम निभावली, कारण अंधारात त्या अरुंद वाटेवर नेमके कोण आणि किती आहे, हे पलीकडच्या तोफखान्याला दिसत नव्हते.

हा अंधार आता राहिलेला नाही. गेल्या काही वर्षांत युद्धात झालेला सर्वांत मोठा बदल एका वाक्यात मांडायचा तर तो हाच.

८ जून २०२३. युक्रेनच्या झापोरिझ्झिया भागात ओरिखिवच्या दक्षिणेला माला तोकमाच्का गावाजवळ युक्रेनची ४७वी यांत्रिक ब्रिगेड निघाली. जर्मन लेपर्ड-२ए६ रणगाडे, अमेरिकी ब्रॅडली गाड्या, फिनलंडने दिलेली लेपर्ड-२आर ही खास सुरुंग काढणारी वाहने, पाश्चात्त्य देशांत झालेले प्रशिक्षण, सगळे जय्यत होते. अझोव समुद्रापर्यंत धडक मारून क्रिमियाकडे जाणारा रशियाचा जमिनीवरचा रस्ता तोडायचा, हे उद्दिष्ट.

सुरुंगपट्टा कसा ओलांडतात, हे जवळून पाहिले की पुढचे आपोआप कळते. सर्वांत पुढे फाळ किंवा जड रोलर लावलेला रणगाडा असतो. तो माती उकरत, सुरुंग बाजूला सारत चालतो, माणसाच्या चालीइतक्या गतीने. कधी त्याआधी रॉकेटने स्फोटकांची लांब माळ पुढे फेकून उडवतात, म्हणजे तेवढ्या पट्टीतले सुरुंग फुटतात. अशी तयार झालेली वाट एका वाहनाच्या रुंदीची, फार तर थोडी जास्त. मागचा सगळा ताफा त्याच चाकोरीतून जातो. डावीकडे वळता येत नाही, उजवीकडे वळता येत नाही. कल्याण-बदलापूर रस्त्यावर ऐन संध्याकाळी एक डंपर आडवा बंद पडला की मागे काय होते, ते इथल्या माणसाला सांगायला नको. फरक एवढाच की इथे रस्त्याच्या कडेला उतरता येते, तिथे कडेला मरण पेरलेले असते.

त्या दिवशी नेमके तेच झाले. पुढची सुरुंग काढणारी वाहने निकामी झाली. मागच्या ब्रॅडली त्यांना वळसा घालायला गेल्या आणि सुरुंगांवर चढल्या. रशियाचे टेहळणी ड्रोन वरून पाहत होते. त्यांनी दिलेल्या जागेवर तोफांचे गोळे पडू लागले. दूरवर झाडांच्या उंचीवर तरंगणाऱ्या केए-५२ हेलिकॉप्टरांनी क्षेपणास्त्रे सोडली. एका लहानशा शेतात एकमेकांना खेटून उभ्या राहिलेल्या निकामी लेपर्ड आणि ब्रॅडली गाड्यांचे हवाई छायाचित्र दोन दिवसांत जगभर पोचले. त्या छायाचित्रात न दिसणारी एक गोष्ट इथे सांगायलाच हवी: ब्रॅडलीतली बहुतेक माणसे जिवंत बाहेर पडली. चिलखताने आपले काम केले होते.

पुढे युक्रेनने मोठे ताफे पाठवणे थांबवले. पायदळाच्या लहान तुकड्या झाडांच्या रांगांच्या आडोशाने पुढे सरकू लागल्या. २८ ऑगस्टला रोबोतिने गाव घेतल्याची घोषणा झाली. पावणेतीन महिन्यांत दहा-बारा किलोमीटर. समुद्र फार दूर राहिला. १ नोव्हेंबर २०२३ रोजी युक्रेनचे सरसेनापती वालेरी झालुझ्नी यांनी 'द इकॉनॉमिस्ट'मध्ये उघडपणे कबूल केले की युद्ध जागच्या जागी अडकले आहे. शत्रू काय करतो ते सारे आम्हाला दिसते आणि आम्ही काय करतो ते सारे त्याला दिसते, हे त्यामागचे कारण त्यांनी दिले. अनेक ठिकाणी सुरुंगपट्टे १५ ते २० किलोमीटर खोल आहेत, हेही नोंदवले. आपल्याच अपयशाचे इतके स्वच्छ विश्लेषण करणारा सेनापती विरळा.

रशियाचा अनुभव वेगळा नव्हता. २०२३च्या सुरुवातीला वुहलेदारसमोर रशियाच्या नौसैनिकी ब्रिगेडचे ताफे रस्त्यालगतच्या सुरुंगांत आणि तोफांच्या माऱ्यात सापडले. ऑक्टोबर २०२३मध्ये अवदीवकावर चालून गेलेल्या चिलखती रांगांची तीच गत झाली. ते शहर रशियाने फेब्रुवारी २०२४मध्ये घेतले खरे, पण ग्लाइड बॉम्ब आणि पायदळाच्या जोरावर, रणगाड्यांच्या मुसंडीने नव्हे. केवळ छायाचित्रांच्या पुराव्यावर मोजणी करणाऱ्या ओरिक्स गटाच्या यादीत २०२५पर्यंत रशियाचे ४,०००हून अधिक रणगाडे बाद झालेले दिसतात.

आता ज्याच्या नावाने हे सारे चालले आहे, त्या ड्रोनकडे जवळून पाहू. एफपीव्ही म्हणजे चालवणाऱ्याला डोळ्यांवरच्या गॉगलमध्ये ड्रोनच्या नजरेने दिसणारे यंत्र. कार्बन फायबरची चौकट, चार मोटरी, एक लहान कॅमेरा, प्रसारणाचा संच आणि वर प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधलेली बॅटरी. पोटाखाली आरपीजीचा स्फोटक गोळा. मुळात हा शर्यतींसाठी छंदिष्टांनी बनवलेला प्रकार. किंमत ४००-५०० डॉलर. चालवणारा काही किलोमीटर मागे तळघरात बसलेला असतो. त्याच्या शेजारी दुसरा माणूस दुसऱ्याच ड्रोनचे चित्र पाहत असतो. हा दुसरा ड्रोन बहुधा लग्नाच्या शूटिंगला वापरतात तसा बाजारू असतो आणि तो उंचावरून शिकार दाखवतो. पहिला वार सहसा साखळीवर किंवा इंजिनावर होतो. गाडी थांबते. मग दुसरा येतो, तिसरा येतो आणि उघड्या राहिलेल्या झडपेतून आत शिरतो.

लंडनच्या रूसी या संरक्षण अभ्याससंस्थेच्या फेब्रुवारी २०२५च्या अहवालात दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. एक: रशियाच्या नादुरुस्त किंवा नष्ट झालेल्या युद्धसामग्रीपैकी ६० ते ७० टक्के वाटा आता लहान ड्रोनचा आहे. दोन: युक्रेनच्या एफपीव्ही ड्रोनपैकी ६० ते ८० टक्के लक्ष्यापर्यंत पोचतच नाहीत. जॅमरने काहींचा संपर्क तुटतो, काही वाऱ्या-पावसात भरकटतात, काहींचा गोळा फुटत नाही. मग रणगाडे मरतात कसे? संख्येने मरतात. डिसेंबर २०२३मध्ये युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की यांनी पुढच्या एका वर्षासाठी १० लाख ड्रोनचे लक्ष्य जाहीर केले होते. दहातले आठ वाया गेले तरी चालेल, इतके यंत्र स्वस्त आहे. आणि त्याहून महत्त्वाचे, रणगाडा आधीच थांबलेला असतो. सुरुंगाने, खंदकाने, तोफेच्या भीतीने. चालता, वळता, धूर सोडत दिशा बदलणारा रणगाडा एफपीव्हीला सोपा नाही. उभा असलेला सोपा आहे. म्हणून एकट्या ड्रोनने रणगाड्याची सद्दी संपवली, हे म्हणणे अर्धे आहे. सुरुंग, तोफखाना आणि ड्रोन यांची जी जोडणी बसली आहे, तिने चढाई अडवली आहे. या तिघांतला एक काढून घेतला की उरलेले दोघे दुबळे होतात.

जॅमरवरही उतारा निघाला. २०२४पासून रशियाने रेडिओलहरींऐवजी ऑप्टिकल फायबरची बारीक तार मागे सोडत जाणारे ड्रोन वापरायला घेतले. दहा-वीस किलोमीटरचे रीळ ड्रोनच्याच पोटात. लहरीच नाहीत, तर जॅमर अडवणार काय? युक्रेननेही लवकरच तेच केले.

रसदेची गोष्ट याहून गंभीर आहे आणि तिच्याकडे लक्ष कमी जाते. आघाडीच्या दोन्ही बाजूंना दहा-पंधरा किलोमीटरचा पट्टा असा झाला आहे की तिथे दिवसाउजेडी हलणारी कोणतीही गाडी लक्ष्य असते. भगदाड पडलेच तर त्यातून पुढे गेलेल्या रणगाड्यांना डिझेल, गोळे आणि रिकव्हरी वाहने याच पट्ट्यातून न्यावी लागतात. रणगाडा एका दिवसात शेकडो लिटर डिझेल पितो. टँकरला चिलखत नसते. पूर्वी साखळी तुटलेला रणगाडा रात्री ओढून मागे न्यायचे, आठवड्यात तो पुन्हा उभा राहायचा. आता ओढायला गेलेली गाडीच आधी जळते. म्हणजे किरकोळ बिघाडही कायमचे नुकसान ठरतो, आणि चढाईचे बळ पहिल्या दिवसापासून झिजत जाते.

कुर्स्कची मोहीम हे याचे ठळक उदाहरण, आणि ते दोन्ही बाजूंनी उपयोगी आहे. ६ ऑगस्ट २०२४ रोजी युक्रेनी यांत्रिक तुकड्या रशियाच्या हद्दीत घुसल्या आणि काही दिवसांत सुजा या छोट्या शहरापर्यंत पोचल्या. ड्रोनच्या जमान्यातही मुसंडी चालली! का चालली? तयारीचे गुपित अखेरपर्यंत राखले गेले. सीमेवर नवख्या, विरळ तुकड्या होत्या आणि सुरुंग तुटपुंजे होते. पुढे गेलेल्या जॅमर पथकांनी रशियन ड्रोनचे डोळे काही काळ आंधळे केले. सप्टेंबर २०२२मधली खारकीवची झडपही अशाच विरळ फळीवर पडली होती. पण कुर्स्कमध्ये पुढच्या महिन्यांत रशियाने तारेचे ड्रोन आणि त्यांत मुरलेली रुबिकॉन नावाची पथके आणली. त्यांनी आघाडीच्या फळीपेक्षा युक्रेनमधल्या सुमीहून सुजाला येणाऱ्या एकुलत्या एका चांगल्या रस्त्यावर नजर रोखली. ट्रकमागून ट्रक जळत गेले. मार्च २०२५मध्ये युक्रेनी फौजेला बहुतेक मुलूख सोडावा लागला. चढाई रणगाड्यांनी जिंकली आणि रस्ता गेल्याने हरली.

२०२०च्या नागोर्नो-काराबाख युद्धाचे नाव या चर्चेत नेहमी निघते. अझरबैजानने आधी जुनी एएन-२ विमाने आमिष म्हणून उडवून आर्मेनियाची हवाई संरक्षण यंत्रणा उघडी पाडली, मग तुर्की टीबी-२ आणि इस्रायली हारोप या ड्रोननी ती यंत्रणा आणि रणगाडे टिपले. पण शुशा शहर शेवटी कड्यांवरून पायी चढलेल्या सैनिकांनी घेतले. आकाश जिंकल्याने वाट मोकळी झाली, पण जमीन माणसांनाच घ्यावी लागली.

यावर सैन्यांनी काय केले? पत्र्याचे पिंजरे बसवले. एप्रिल २०२४च्या सुमारास रशियाने अख्खा रणगाडा पत्र्याच्या शेडखाली झाकला. त्याला कासव रणगाडा म्हणू लागले. तो काही वार झेलतो, पण त्याचा मनोरा फिरत नाही आणि चालकाला धड दिसत नाही. अमेरिकेने दिलेले ३१ एब्रॅम्स युक्रेनने त्याच वसंतात काही काळ आघाडीवरून मागे घेतले. मग मोटारसायकलींवरून हल्ले सुरू झाले, पुढे दोन-तीन माणसांच्या टोळ्यांनी फटींतून घुसणे सुरू झाले. याने गावे मिळतात, पण एका गावाला महिने लागतात. दोन-तीन माणसांची टोळी फटीतून आत शिरू शकते, फळी मोडून पन्नास किलोमीटर आत दौडू शकत नाही. तेवढ्यासाठी अजूनही चिलखत लागते. १९७३च्या ऑक्टोबरमध्ये सिनाईत इजिप्तच्या सॅगर क्षेपणास्त्रांनी इस्रायली रणगाडे फोडले, तेव्हाही रणगाड्याचे मृत्युलेख छापून आले होते. इस्रायलने रणगाड्यांसोबत पायदळ आणि तोफखाना पुन्हा जोडला आणि आठवडाभरात सुएझ ओलांडला.

भारतासाठी याचा अर्थ काय, हा प्रश्न अहिल्यानगरमध्ये रोज चर्चिला जात असणार. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल तिथे आहे, यांत्रिक पायदळाचे केंद्र तिथे आहे आणि लष्करी वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीईही तिथेच. डिसेंबर २००१मध्ये ऑपरेशन पराक्रम ही सीमेवरची जमवाजमव सुरू झाली, तेव्हा भारताच्या स्ट्राइक कोअरना, म्हणजे चढाईसाठी राखलेल्या मोठ्या फौजांना, सीमेवर पोचायला सुमारे तीन आठवडे लागले. त्या अनुभवातून 'कोल्ड स्टार्ट'चा विचार आला: लहान, सज्ज यांत्रिक गट काही तासांत सीमेपार जातील. गेली वीस वर्षे सगळी चर्चा लवकर निघण्याभोवती फिरली. युक्रेनने मात्र दाखवले की अडचण निघण्यात नाही, पहिल्या सुरुंगपट्ट्यातून पार होण्यात आहे. पंजाबात कालवे आहेत, पाण्याने भरलेले खंदक-बांध आहेत, दाट वस्ती आहे. प्रत्येक पूल ही ठरलेली, आधीच मोजून ठेवलेली जागा आहे. राजस्थानात जागा मोकळी आहे, पण गार रात्रीच्या वाळवंटात तापलेले इंजिन उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात कित्येक किलोमीटरवरून दिव्यासारखे दिसते. १९६५मध्ये वैद्यांचे शर्मन ज्या उसात दडले, त्या उसावरून आज शंभर-दीडशे ड्रोन फिरतील.

हे काल्पनिक नाही. मे २०२५मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी, ८ मेच्या रात्री पाकिस्तानने ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन सोडल्याचे भारताने अधिकृतपणे सांगितले. ते पाडण्यात एल-७० आणि झेडयू-२३ या जुन्या तोफांनी मोठी कामगिरी केली. भंगारात काढायच्या गोष्टी कधीकधी ऐनवेळी कामी येतात, पण त्या तोफा ठाण्यांचे रक्षण करत होत्या. धावत्या ताफ्यासोबत चालणारे तसे कवच आज भारताकडे पुरेसे आहे, असे म्हणता येत नाही.

हालचाल झालेली नाही असे नाही. जुलै २०२०मध्ये टी-९० रणगाड्यांना लावायच्या १,५१२ सुरुंग-फाळांचा ५५७ कोटींचा करार बीईएमएलशी झाला. या सगळ्या यादीतली ही सर्वांत कमी गाजलेली आणि कदाचित सर्वांत शहाणी खरेदी. २६ जुलै २०२५ला द्रासमध्ये लष्करप्रमुख जनरल उपेंद्र द्विवेदी यांनी सर्व शस्त्रशाखा एकत्र असलेल्या रुद्र ब्रिगेड आणि लहान, चपळ भैरव बटालियनची घोषणा केली. पायदळाच्या प्रत्येक बटालियनमध्ये आता ड्रोनची प्लाटून येत आहे. नागपूरच्या सोलार समूहाचे नागास्त्र-१ हे घिरट्या घालून लक्ष्यावर झेपावणारे अस्त्र लष्कराने ४८०च्या संख्येने मागवले आणि त्यांतली पहिली १२० जून २०२४मध्ये मिळाली. उल्हासनगरहून तासाभराच्या अंतरावर, नवी मुंबईत महापेला, आयआयटी मुंबईच्या मुलांनी २००७मध्ये सुरू केलेली आयडियाफोर्ज कंपनी लष्करासाठी टेहळणीचे ड्रोन बनवते.

पण फेब्रुवारी २०२५मध्ये लष्कराने ४०० ड्रोनचे तीन करार रद्द केले, कारण त्यांत चिनी भाग निघाले. इथे प्रश्न पुन्हा अंबरनाथ-उल्हासनगरच्या दाराशी येतो. युक्रेन लाखांनी ड्रोन बनवतो ते अवाढव्य कारखान्यांत नव्हे, शेकडो लहान वर्कशॉपमध्ये. मोटर गुंडाळणे, सर्किट जोडणे, साचे काढणे ही आनंदनगर एमआयडीसीतल्या आणि उल्हासनगरच्या गल्ल्यांतल्या कारागिरांच्या आवाक्यातली कामे आहेत. त्यांच्यापर्यंत संरक्षण खात्याची ऑर्डर पोचेल आणि बिल वेळेवर निघेल, अशी व्यवस्था मात्र अजून नाही. लढाई सुरू झाल्यावर आठवड्याला हजारो ड्रोन लागतात. तेव्हा परदेशी मोटरीची वाट पाहायला वेळ नसतो.

सुरुंग काढण्याच्या कामात महाराष्ट्राची परंपरा जुनी आहे. फेब्रुवारी १९४१मध्ये बॉम्बे सॅपर्सच्या एका कंपनीतले सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत यांनी अॅबिसिनियाच्या मोहिमेत चार दिवस न थांबता ५५ मैलांवरचे १५ सुरुंगपट्टे मोकळे केले आणि ते व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी झाले. बॉम्बे सॅपर्सचे केंद्र आजही खडकीला आहे, सॅपर्सचे कॉलेज दापोडीला आणि पूल व सुरुंगांवर काम करणारी डीआरडीओची प्रयोगशाळा दिघीला. उद्याची चढाई पुढे जाईल की अडेल, हे रणगाड्याच्या तोफेपेक्षा या तीन ठिकाणी काय तयार होते यावर जास्त ठरेल. माणूस पुढे न घालता, दुरून चालणाऱ्या यंत्राने, ड्रोनच्या नजरेखाली, तासाभरात सुरुंगपट्ट्यातून दोन नव्हे पाच-सहा वाटा काढता आल्या पाहिजेत. त्याच वेळी पलीकडच्या ड्रोनचालकांची तळघरे शोधून मारता आली पाहिजेत. आणि मागच्या रस्त्यावर जाळी, जॅमर आणि लहान विमानविरोधी तोफांचे छत्र धरता आले पाहिजे.

सरकारने भविष्यातल्या १,७७० नव्या रणगाड्यांचा प्रकल्प हाती घेतला आहे. रणगाडे हवेत, कारण गोळ्यांच्या वर्षावात माणसाला पुढे नेणारी दुसरी गाडी अजून कोणी बनवलेली नाही. पण त्यांच्यासोबत किती सुरुंग-फाळ, किती रिकव्हरी वाहने, ताफ्याबरोबर धावणाऱ्या किती ड्रोनविरोधी तोफा आणि किती देशी मोटरी येणार, हे आजच्या आज ठरायला हवे. रणगाड्याची किंमत जाहीर होते तेव्हा वर्तमानपत्रांनी, खासदारांनी आणि अंबरनाथच्या कामगार संघटनांनीही हा जोडीचा हिशेब मागावा. तो मिळेपर्यंत नव्या रणगाड्याची ऑर्डर अर्धीच समजावी.